गिअर अडतो, निसटतो, न्यूट्रल सापडत नाही: जुन्या स्प्लेंडरचं निदान बाहेरून आत

माझ्याकडे वडिलांची 1998 ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. मध्यंतरी ती पहिल्या गिअरमध्ये टाकली की खाडकन आवाज करून पुढे उडी घ्यायची आणि सिग्नलला न्यूट्रल काही केल्या सापडायचं नाही. एका गॅरेजात दाखवली. मेकॅनिकने दोनदा पाय मारून पाहिला आणि निकाल दिला, "गिअरबॉक्स गेला, इंजिन उतरवावं लागेल." घरी येऊन क्लच वायरचं हँडलकडचं टोक उपसून पाहिलं, तर सात-आठ तारा तुटून तिथेच त्यांचा गुंता झालेला. क्लच पूर्ण दाबला तरी खाली इंजिनपाशी अर्धाच दाबला जात होता. वायर बदलली. गिअरबॉक्स अजून तोच आहे.

तेव्हापासून माझा एकच हट्ट: गिअरची तक्रार असली तरी गिअरबॉक्सचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. खाली दिलेला क्रम त्याच हट्टातून आला आहे. उदाहरण स्प्लेंडरचं घेतलंय, कारण 1994 पासूनची ही गाडी आणि तिच्या आधीची सीडी 100 आपल्याकडे गावोगाव आहेत. बहुतेक जुन्या चार-स्ट्रोक गाड्यांना हाच क्रम लागू पडतो. बुलेट, आरएक्स 100 आणि येझदीवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळं सांगितलं आहे.

पाय मारल्यावर आत काय होतं

एवढं कळलं की निम्मं निदान आपोआप होतं. गिअर लिव्हर डावीकडे एका दातेरी दांड्यावर बोल्टने आवळलेली असते. हा दांडा इंजिनच्या आरपार जातो आणि उजव्या बाजूला, क्लचच्या मागे, एक ड्रम फिरवतो. ड्रमवर वळणावळणाच्या खाचा असतात. त्या खाचांतून फोर्क, म्हणजे काट्यासारखे भाग, डावी-उजवीकडे सरकतात आणि सोबत गिअर सरकवतात. गिअरचे दात एकमेकांत कायमच अडकलेले असतात, त्यामुळे "दात मिळत नाहीत" हे गॅरेजातलं आवडतं वाक्य तितकंसं खरं नाही. मिळावे लागतात ते गिअरच्या बाजूला असलेले जाड खुंट. त्यांना डॉग म्हणतात. हे खुंट शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरले की गिअर पडला.

आता गोम अशी, की इंजिनचा जोर गिअरवर असेपर्यंत हे खुंट ना सुटतात ना शिरतात. तो जोर तोडणं हे क्लचचं काम. क्लच पूर्ण सुटला नाही तर उत्तम गिअरबॉक्सही अडतो, आवाज करतो आणि न्यूट्रल लपवून ठेवतो.

पहिली पायरी: इंजिन बंद, चाक हाताने

गाडी डबल स्टँडवर घ्या, चावी बंद ठेवा. डाव्या हाताने लिव्हर हलवायची आणि उजव्या हाताने मागचं चाक टायरला धरून हळूहळू फिरवायचं. आऱ्यांमध्ये बोटं घालू नका, चेनजवळ तर मुळीच नाही. स्प्लेंडरला चारही गिअर लिव्हरचं पुढचं टोक दाबून चढतात आणि मागचं टोक दाबून उतरतात. चाक न फिरवता नुसतीच लिव्हर दाबलीत तर एखाद-दुसरा गिअर पडणार नाही. तो दोष नव्हे, खुंट खाचेसमोर आलेला नसतो एवढंच. नवखे इथेच घाबरतात.

चाक फिरवत एक, दोन, तीन, चार आणि परत न्यूट्रलपर्यंत असे तीन-चार फेरे घ्या. प्रत्येक वेळी टक् असं स्पष्ट जाणवलं पाहिजे आणि पाय काढल्यावर लिव्हर आपोआप मधल्या जागी परत आली पाहिजे.

सगळे गिअर असे नीट पडत असतील आणि तक्रार फक्त इंजिन चालू असताना येत असेल, तर दोष क्लचच्या बाजूला आहे. पुढच्या दोन-तीन पायऱ्यांतच उत्तर सापडेल. इंजिन बंद असतानाही लिव्हर अडत असेल, परत येत नसेल किंवा नुसतीच फिरत असेल, तर लिव्हर आणि तिच्यामागची यंत्रणा बघायची. दोन्हीकडे सगळं ठीक असून गिअर फक्त रस्त्यावर, जोर दिला की निसटत असेल, तर बातमी बरी नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

ही चाचणी दहा मिनिटांची आहे. ती केल्याशिवाय कुणालाही इंजिनला हात लावू देऊ नका.

दुसरी पायरी: लिव्हर आणि तिच्या आजूबाजूचं

ही पायरी हास्यास्पद वाटेल, पण सोडू नका. गाडी कधी डाव्या अंगावर पडली असेल तर लिव्हर आत वाकून इंजिनच्या कव्हरला घासते, किंवा फूटरेस्ट वाकून तिच्या वाटेत येतो. बाहेरून बसवलेल्या क्रॅश गार्डनेही असं होतं. लिव्हर वर-खाली करताना ती कुठे टेकते का ते टॉर्च लावून बघा.

मग लिव्हर पकडून पुढे-मागे हलवा. ती हलते पण दांडा हलत नाही, असं दिसलं तर बोल्ट सैल आहे किंवा दाते झिजलेत. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट पूर्ण काढा (नुसता सैल करून भागत नाही, तो दांड्यावरच्या खाचेतून जातो), लिव्हर ओढून काढा आणि आतले दाते बघा. लिव्हरचे दाते गुळगुळीत झाले असतील तर नवी लिव्हर घ्या. दांड्याचे दातेही गेले असतील तर खरा उपाय दांडा बदलणे. वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण पुढे ऑइल सील बदलायची वेळ आली की तेच वेल्डिंग आडवं येतं.

परत बसवताना लिव्हरची उंची तुमच्या पायाप्रमाणे ठेवा. एक दाता इकडचा तिकडे केला तरी बराच फरक पडतो. पावसाळी बूट घालणाऱ्यांचा पंजा लिव्हरवर नीट बसत नाही, मग ती अर्धवट दाबली जाते आणि गिअर दोन खाचांच्या मधे लटकतो. रेस दिल्यावर इंजिन नुसतं ओरडतं, त्यालाच फॉल्स न्यूट्रल म्हणतात. अनेकदा ही गाडीची नाही, चपलेची तक्रार असते.

तिसरी पायरी: क्लच वायर

इथे वेळ घालवा. बहुतेक दुखणी इथेच सापडतात.

क्लचची दांडी बोटाने हळूच ओढा. तिच्या टोकाशी 10 ते 20 मिमी इतकी मोकळी हालचाल हवी, त्यानंतर जोर लागायला सुरुवात व्हावी. यापेक्षा जास्त ढील असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही: खाडकन आवाज, गाडी पुढे ओढणं, न्यूट्रल न सापडणं. ढील अजिबात नसेल तर उलटं होतं. क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो, त्याच्या आतल्या प्लेटी (एकमेकींवर दाबून बसणाऱ्या चकत्या) घसरतात आणि चढावर इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही.

ढील कमी-जास्त करायला वायरच्या खालच्या टोकाशी, इंजिनजवळ, दोन नट असतात. एक सैल करायचा, दुसरा फिरवायचा, मोजायचं, परत आवळायचं. काही गाड्यांना वर दांडीजवळही बारीक ॲडजस्टर असतो, तो फक्त किरकोळ फरकासाठी वापरा. खालचा पूर्ण संपला असेल, म्हणजे पुढे फिरवायला आटेच उरले नसतील, तर वायर ताणली गेली आहे किंवा प्लेटी झिजल्या आहेत.

ॲडजस्ट केल्यावर हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण वळवून ढील पुन्हा बघा. वळवताना ढील बदलली तर वायर कुठेतरी दबली आहे. टाकीखाली किंवा हँडलच्या खोबणीत ती पिळवटलेली सापडेल.

वायरची तब्येत बघायची तर दोन्ही टोकं मोकळी करून आतली तार हाताने ओढून पाहा. करकर लागली, अडली किंवा टोकाशी एकही तार तुटलेली दिसली तर वायर बदलायची. दुसरा विचार नको. कोकणात किंवा घाटमाथ्यावर दोन पावसाळे काढलेली वायर आतून गंजलेलीच असते. नवी वायर काही महाग नसते. जुनी वाचवायचीच असेल तर वरच्या टोकाभोवती कणकेचा गोळा थापून छोटी वाटी करा, त्यात पातळ ऑइल ओता, वायर रात्रभर खुंटीला टांगून ठेवा आणि खाली जुना डबा ठेवा. सकाळपर्यंत ऑइल खाली उतरलेलं असतं. घरच्यांनी कणकेबद्दल विचारलं तर उत्तर तुमचं तुम्ही शोधा.

याच पायरीत इंजिनचा स्लो, म्हणजे रेस न देता चालतानाचा वेग, हाही तपासा. तो फार वाढवून ठेवला असेल तर चांगल्या क्लचवरही पहिला गिअर दणक्यात पडतो. कार्बोरेटरचा स्लो स्क्रू गाडी गरम झाल्यावर, ती बंद न पडता शांत चालेल इतपतच ठेवा.

चौथी पायरी: ऑइल

चार-स्ट्रोक स्प्लेंडरमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर तिघांनाही एकच ऑइल असतं. ते खराब झालं की पहिली तक्रार गिअर करतात. सकाळी ठीक, तासभर चालल्यावर गिअर जड, अशी तक्रार असेल तर आधी ऑइलकडे बघा.

गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करा, ऑइलची काडी पुसा, आटे न फिरवता नुसती टेकवा आणि पातळी बघा. रंगही बघा. काळं असणं स्वाभाविक आहे. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, गाडी पुरातून काढली असेल तर हे होतंच. अशा ऑइलवर गाडी चालवू नका.

बदलायचं असेल तर गाडी पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. खालचा ड्रेन बोल्ट बहुतेक सतरा नंबरचा असतो. ऑइल स्वच्छ भांड्यात काढा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. त्याला राखाडी मळीसारखं काही चिकटलं तर ती नेहमीची झीज. चकचकीत तुकडे, टोकदार कण किंवा दाताचा ढलपा सापडला तर इथेच थांबा, इंजिन उघडावं लागणार. बोल्टचा वायसर नवा टाका आणि बोल्ट मापात आवळा. ॲल्युमिनियमचे आटे जोर सहन करत नाहीत, एकदा गेले की भलतंच काम निघतं.

डब्यावर "जासो एमए" (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) आहे का ते बघून मगच ऑइल घ्या, आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच घ्या. शेजाऱ्याकडे उरलेलं कारचं ऑइल ओतण्याचा मोह आवरा. कारच्या अनेक ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि आपला क्लच त्याच ऑइलात बुडून घर्षणावरच चालतो. 900 मिलीचा डबा पूर्ण रिकामा करायचीही घाई नको. थोडं राखून काडीने मोजत भरा.

चेनकडे एक नजर

झाकलेल्या चेनकडे कुणी बघत नाही. चेनकव्हरवरचं रबरी बूच काढा आणि बोटाने चेन वर-खाली करा. साधारण 25 मिमी हालचाल ठीक. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबती असते. सैल चेनचा झटका गिअर बदलताना असा बसतो, की माणूस गिअरबॉक्सलाच दोष देतो. पुढच्या स्प्रॉकेटचे (चेन बसते त्या दातेरी चाकाचे) दात माशाच्या गळासारखे वाकले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला.

पाचवी पायरी: उजवं कव्हर उघडणे

वायर नवी, ऑइल नवं, तरी गाडी क्लच दाबून ओढतेच आहे? आता कव्हर उघडावं लागेल. घाबरू नका, यासाठी इंजिन चेसीतून उतरवावं लागत नाही. ऑइल काढायचं, किक, फूटरेस्ट आणि वाटेत येत असेल तर सायलेन्सर बाजूला करायचा आणि कव्हरचे बोल्ट सोडायचे. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घातला की कव्हर तडकतं. पॅकिंग नवं आणून ठेवलेलं असू द्या. पहिल्यांदा करत असाल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा. आतले काही नट खाचांचे असतात, त्यांना खास सॉकेट लागतो. छिन्नी-हातोड्याने ते सोडवणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

क्लच खोलल्यावर तीन गोष्टी बघा. बाहेरच्या वाटीसारख्या भागाच्या बोटांवर प्लेटींनी खड्डे पाडले आहेत का? खड्डे असतील तर प्लेटी त्यांत अडकून बसतात आणि क्लच सुटत नाही. हलके खड्डे कानशीने सपाट करता येतात, खोल असतील तर वाटीच बदलायची. दुसरं, लोखंडी प्लेटी एकेक करून काचेवर ठेवा. वाकलेली प्लेट डगडगते, निळी पडलेली असेल तर ती तापली होती. तिसरं, घर्षणाच्या प्लेटींची जाडी आणि स्प्रिंगांची लांबी, दोन्ही पुस्तकातल्या मापाशी ताडून बघा. नव्या घर्षण-प्लेटी बसवण्याआधी काही तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर पहिल्या फेरीतच करपतात.

कव्हर उघडलंच आहे तर ऑइलची जाळी आणि क्रँकच्या टोकाचा गोल फिल्टर साफ करा. त्यात साचलेला काळा चिखल पाहून तुम्हीच चकित व्हाल.

पहिल्या पायरीत ज्यांची लिव्हर परत येत नव्हती किंवा इंजिन बंद असतानाही गिअर चुकत होता, त्यांचं उत्तरही याच बाजूला, क्लच बाजूला केल्यावर मागे दिसतं. लिव्हरच्या दांड्यावर केसाच्या पिनेसारखी स्प्रिंग असते. ती तुटली किंवा तिच्यामधला पिन सैल झाला की लिव्हर जिथे सोडाल तिथेच राहते. ड्रमच्या टोकाशी स्टॉपर नावाची छोटी भुजा आपल्या रोलरने ड्रमला प्रत्येक गिअरच्या खाचेत धरून ठेवते. तिची स्प्रिंग मेली की सारखे फॉल्स न्यूट्रल येतात. दोन्ही भाग किरकोळ किमतीचे आहेत. अशा किरकोळ भागापायी अख्ख्या इंजिनकामाचं बिल भरलेली माणसं मला भेटली आहेत, म्हणून एवढं लांबण लावलं.

गिअर जोर दिल्यावर निसटत असेल तर

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये जोर दिला आणि गिअर टप्पकन सुटला, पुन्हा टाकला, पुन्हा सुटला. हे सतत एकाच गिअरमध्ये होत असेल तर त्या गिअरचे खुंट गोल झाले आहेत किंवा फोर्क वाकला आहे. कडा चौकोनी असतात तोवर खुंट खाचेत घट्ट बसतात, गोल झाल्यावर जोर आला की बाहेर ढकलले जातात. वायर, ऑइल, लिव्हर यातलं काहीही करून हे सुधारत नाही. इथे मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं: इंजिन उतरवून दोन भागांत उघडावं लागतं.

तोवर तो गिअर टाळून जपून गाडी चालवता येते, पण फार दिवस नको. खुंटाचा तुकडा पडून गिअरच्या दातांत अडकला तर मागचं चाक जाम होऊ शकतं. उघडल्यावर फक्त निसटणारा गिअर बदलू नका. ज्या गिअरमध्ये तो शिरतो तो जोडीदार आणि त्यांचा फोर्कही बदला, नाहीतर जुनी झिजलेली बाजू नव्यालाही खाते. काढलेले भाग पिशवीत घालून परत द्यायला आधीच सांगून ठेवा.

बाकीच्या जुन्या गाड्या

आरएक्स 100 दोन-स्ट्रोक आहे. तिच्या इंजिनला टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं) आणि गिअरला वेगळं गिअर ऑइल लागतं. टू-टी नियमित भरणारे गिअर ऑइल वर्षानुवर्षं विसरतात, म्हणून तिथे चौथी पायरी आधी करा. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा आहे, त्याचं वंगणही वेगळं, आणि लिव्हर उजव्या पायाशी: पहिला वर, बाकी तीन खाली. शेजारी न्यूट्रल शोधायची छोटी लिव्हर असते, ती कुठून अडते आहे हेही बघा. या बुलेटवर पहिल्यांदा बसणारा ब्रेक समजून गिअर दाबतो, तेव्हा चाचणीची फेरी रिकाम्या मैदानातच घ्या. येझदीत किक आणि गिअरला एकच लिव्हर आणि गिअर मारताना क्लच आतून आपोआप सुटतो. त्यामुळे तिथे हाताचा क्लच बरोबर लावूनही गिअर अडला तर ही आतली जोडणी तपासावी लागते.

काम झाल्यावरची फेरी

गाडी गरम होऊ द्या. सपाट रस्त्यावर क्लच पूर्ण दाबून पहिला टाका, गाडी जागची हलता कामा नये. सकाळी थंड इंजिनवर थोडी ओढ जाणवली तर चालवून घ्या, रात्रभरात प्लेटी ऑइलने एकमेकींना चिकटतात. सुरू करण्याआधी गाडी गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, दोन पावलं पुढे-मागे ढकलली की त्या मोकळ्या होतात. मग सगळे गिअर चढवून-उतरवून बघा आणि थांबण्याआधी, चाक अजून फिरत असतानाच, न्यूट्रल घ्या. दिवा लागला तरी क्लच हळूहळू सोडा. न्यूट्रलच्या स्विचची वायर डावीकडे पुढच्या स्प्रॉकेटजवळून जाते, तिथे चिखल आणि ग्रीस साचलं की दिवा खोटं बोलतो.